सहावं नाव

यादीत पाच नावं असली की सहावं आठवतं, आणि सहा असली की सातवं. 2019 साली व्हिडिओ खेळांच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये ‘डिस्को एलिझियम’ या खेळाला चार नामांकनं होती आणि चारही पारितोषिकं त्यानेच नेली. उत्तम कथन त्याचं, उत्तम रोल-प्लेइंग खेळ तोच, उत्तम स्वतंत्र खेळ तोच, नव्या स्वतंत्र स्टुडिओचा मानही त्याचाच. वर्षाच्या सर्वोत्तम खेळासाठी निवडलेल्या सहा नावांत मात्र तो नव्हता. त्या रात्री तो एकदाही हरला नाही. सर्वांत मोठ्या डावात त्याला घेतलंच नव्हतं.

ज्याने हा खेळ खेळला आहे, त्याला हे अजून पचलेलं नाही. एका हॉटेलच्या उद्ध्वस्त खोलीत एक पोलीस तपास अधिकारी शुद्धीवर येतो. रात्रभर इतकी प्यायलेली, की स्वतःचं नावही आठवत नाही. अंगावर धड कपडे नाहीत. टाय छताच्या पंख्याला अडकून गरगर फिरतो आहे. खेळाडूने हात उंचावून तो ओढायला जावं, आणि सुरुवातीला पात्राची प्रकृती तोळामासा ठेवली असेल, तर तिथेच हृदय बंद पडून खेळ संपू शकतो. खोलीबाहेर पाऊल पडण्याआधी, एका टायपायी. इथे बंदूक चालवत पुढे सरकायचं नसतं. जे घडतं ते बोलण्यातून आणि या माणसाच्या डोक्यात आपसांत भांडणाऱ्या चोवीस आवाजांतून. संहिता दहा लाखांहून अधिक शब्दांची. एस्टोनियातल्या मंडळींनी उभारलेल्या ‘झेडए/यूएम’ या स्टुडिओचा हा पहिलाच खेळ. तो आला 15 ऑक्टोबर 2019 ला, आणि महिन्याभराने नामांकनं जाहीर झाली.

सर्वोत्तम खेळाच्या त्या सहा नावांत ‘सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट’ होता. तो बाजारात आला 7 डिसेंबर 2018 ला, म्हणजे आदल्या समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी. परीक्षकांना त्याच्यासाठी जवळजवळ अख्खं वर्ष मिळालं, ‘डिस्को’साठी जेमतेम एक महिना. कारण हेही असेल. पण कारण सापडलं म्हणून सल जात नाही.

जेफ कीली यांनी 2014 साली सुरू केलेल्या या पुरस्कारांची पद्धत लपवलेली नाही. जगभरातली शंभराहून अधिक प्रसारमाध्यमं परीक्षक असतात. प्रत्येक ठिकाणचा संपादकवर्ग आपसांत बोलून प्रत्येक विभागासाठी पाच नावांची गोपनीय मतपत्रिका भरतो, आणि ही नावं क्रम न लावता द्यायची असतात. सर्वाधिक पत्रिकांवर जी नावं दिसतात ती नामांकनात जातात. पुढे विजेता ठरवताना परीक्षकांच्या मताला 90 टक्के वजन आणि लोकांच्या मताला 10 टक्के.

खरी मेख ‘क्रम न लावता’ यात आहे. समजा, शंभर पत्रिका आल्या. एका खेळावर तीस जणांचा जीव जडलेला आहे. वर्षभरात दुसरं काही आलं नसतं तरी चाललं असतं, असं त्यांना वाटतं. दुसरा खेळ साठ जणांनी ‘हाही चांगला होता’ म्हणून शेवटी लिहिला. यादीत दुसरा जाईल. तीस जणांचा जीव किती जडला आहे, हे सांगायला पत्रिकेवर रकानाच नाही. नामांकन मग कुणालाच न खटकलेल्या खेळाला मिळतं, असं म्हणावंसं वाटतं. आणि तसं म्हणताक्षणी ‘पाचामुखी परमेश्वर’ ही म्हण आडवी येते.

या म्हणीला एकट्यादुकट्याचं वेड नकोच आहे. एकाला जे दिसतं तो भास असेल, पाचांना जे दिसतं ते खरं, एवढाच तिचा विश्वास. आज ही म्हण निवडणुकीच्या भाषणांत, सोसायटीच्या सभेत, लग्नाच्या बोलणीत कुठेही ऐकू येते, आणि बहुतेक वेळा वाद मिटवण्यासाठी. पण हे पाच जण कोण, ते कुठे बसत, त्यांना नेमकं काय ठाऊक असे, हे पाहायला गेलं की म्हण जुन्या कागदपत्रांत घेऊन जाते.

मराठा काळात गावाचे आणि परगण्याचे वाद गोतसभेपुढे येत. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, शेटे-महाजन आणि बलुतेदार एकत्र बसत, दोन्ही बाजूंचं ऐकत, साक्षी घेत, जुने कागद पाहत आणि मग निवाड्याचा महजर लिहिला जाई. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायव्यवस्थेवर लिहिलेला ग्रंथ 1953 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने काढला. त्यात या सभांची घडण तपशिलाने मांडली आहे. वाद जमिनीच्या शिवेचे असत, वतनाचे असत, पाटीलकी थोरल्या घराची की धाकट्याची याचे असत. आणि पुष्कळदा ते निव्वळ मानाचे असत. होळीची पोळी पहिली कुणाची? पोळ्याला कुणाचे बैल पुढे निघायचे? विडा आधी कुणाच्या हाती? यात पैशाचा संबंध थोडा, आणि तरी माणसं त्यासाठी पिढ्यान् पिढ्या भांडली, गावोगाव फिरली, कर्जबाजारी झाली.

बैल पुढे की मागे, याला आज हसू येईल. नामांकनांच्या याद्यांवर रात्ररात्र वाद घालणाऱ्या कुणालाही मात्र तो पोळ्याचा तंटा परका वाटू नये. मान वाटून घेता येत नाही. पाच जागांपैकी एक जागा एकाला गेली की ती दुसऱ्याला नाही.

महजराच्या शेवटी सभेला हजर असणाऱ्यांची नावं असत. ज्याला लिहिता येई तो सही करी. बाकीचे आपल्या व्यवसायाची निशाणी काढत. पाटलाच्या नावापुढे नांगर, सुताराच्या नावापुढे त्याचं हत्यार, न्हाव्याचा आरसा, चांभाराची आरी, महाराची त्याची खूण. ओबडधोबड, काळ्या शाईतल्या रेघा. सभा उठल्यावर यातली काही माणसं पुन्हा वेशीबाहेर आपल्या वस्तीत जात आणि गावाच्या विहिरीवर त्यांना हक्क नसे. कागदावरची ती ओळ म्हणजे समता नव्हे. पण निवाड्याला साक्ष म्हणून त्यांची निशाणी लागे. कारण साधं होतं. गेल्या वीस पोळ्यांना कुणाचे बैल पुढे गेले, हे ज्याने वेशीत उभं राहून पाहिलं, त्यालाच ते माहीत. त्या पाचांच्या मुखी परमेश्वर होता तो संख्येमुळे नव्हे, त्यांनी पाहिलं होतं म्हणून.

इथे म्हण उलटी फिरते आणि पुरस्कारांच्या परीक्षकांकडे बघू लागते. त्यांनी पाहिलं आहे का?

एकट्या स्टीम या ऑनलाइन दुकानावर 2024 साली 18 हजारांहून अधिक खेळ आले. ‘बाल्डर्स गेट 3’ एकदा नीट संपवायचा तर शंभर तास सहज जातात. 2023 च्या सर्वोत्तम खेळाच्या सहा नावांत तो होता आणि ‘झेल्डा: टिअर्स ऑफ द किंगडम’ही होता, जो तितकाच वेळ खातो. एका विभागातले सहा खेळ न्यायाने पाहायचे तर दोनशेहून अधिक तास हवेत, आणि विभाग तीसच्या आसपास. परीक्षक काही आळशी नसतात. त्यांचं पोट याच कामावर आहे, एका कार्यालयात दहा जण दहा खेळ वाटून घेतात, एकमेकांच्या शब्दावर विसंबतात. पण याचा अर्थ असा की पत्रिकेवर नाव लिहिण्याआधी खेळ परीक्षकाच्या हाती पोचावा लागतो, आणि हाती पोचण्यासाठी त्याच्याबद्दल आधीच बोललं जावं लागतं. ज्याच्याबद्दल कुणी बोललं नाही, तो हरत नाही. तो सभेपुढे येतच नाही.

म्हणूनच या पुरस्कारांच्या 2020 च्या पदार्पणाच्या विभागातलं एक नाव महाराष्ट्रातल्या वाचकाने लक्षात ठेवावं. ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा पहिला खेळ. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड यांनी उभा केलेला. लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला होता. तरी खेळ ऑगस्ट 2020 मध्ये निंटेंडो स्विचवर आला आणि ऑक्टोबरात बाकीच्या यंत्रांवर.

राजी ही सर्कशीत कसरती करणारी मुलगी. असुर तिच्या लहान भावाला, गोलूला, पळवून नेतात आणि देवी दुर्गा राजीच्या हाती त्रिशूळ देते. त्रिशूळ फिरवणं हे इथे नुसतं शस्त्र चालवणं नाही. राजी खांबाला गरका मारते, भिंतीवरून धावते, हवेत उलटी होऊन खाली येते. तिची लढाई तिच्या पोटापाण्याच्या कसबातून आलेली आहे. दुर्गा आणि विष्णू तिच्याकडे वरून पाहत आपसांत बोलतात, आणि कथेचे टप्पे छाया-बाहुल्यांच्या पडद्यावर उलगडतात. राजस्थानी किल्ल्यांची आठवण करून देणाऱ्या महालांतून जाताना भिंतींवरच्या चित्रांपाशी थांबलं की त्यांतल्या कथा ऐकू येतात. मारामारी कुठे कुठे कच्ची आहे, शेवट घाईत उरकलेला वाटतो. पण त्या भिंतीपाशी उभं राहून चित्रातली कथा ऐकताना आपल्याकडचं वाङ्मय पहिल्यांदा कुणी या यंत्रात हातात दिलं, असं वाटतं. त्या वेळी मारामारी मोजावीशी वाटत नाही.

पदार्पणाच्या विभागात समोर ‘कॅरियन’, ‘मॉर्टल शेल’, ‘रोकी’ आणि ‘फॅस्मोफोबिया’ होते. यातला ‘रोकी’ करणारे मोठ्या स्टुडिओत कलादिग्दर्शन करून आलेले. स्टुडिओ नवा असला की पदार्पण मानलं जातं, माणसं किती जुनी हे पाहिलं जात नाही. जिंकला ‘फॅस्मोफोबिया’: एका ब्रिटिश तरुणाने जवळपास एकट्याने केलेला, सप्टेंबर 2020 मध्ये अर्धवट अवस्थेतच विक्रीला ठेवलेला खेळ. चार मित्रांनी भुताच्या घरात शिरायचं आणि माइकवर हळू आवाजात बोलायचं. टाळेबंदीतल्या त्या ऑक्टोबरात लाखो लोकांनी तो थेट प्रक्षेपणावर दुसऱ्यांना खेळताना पाहिला. तो सगळ्यांच्या तोंडी होता.

पुण्याचा खेळ हरला याचं दुःख करावं का? ‘फॅस्मोफोबिया’ने भीती नव्या रीतीने मांडली होती आणि त्याला दिलेला मान अस्थानी नव्हता. एकट्या माणसाचा खेळ जिंकतो, ही आनंदाचीच गोष्ट. तरीही मन ‘राजी’च्या बाजूने झुकतं, आणि ते झुकणं गुणाचं की गावाचं, हे ठरवता येत नाही. गोतसभेत वादीचा सोयरा पंचांत बसला तर प्रतिवादी हरकत घेई. इथे ती हरकत स्वतःच्याच मनावर घ्यावी लागते.

स्थानिक गोताचा भरवसा नसेल तर जुन्या काळी परस्थळाची सभा मागता येई, म्हणजे दुसऱ्या ठिकाणच्या, नातं-वैर नसलेल्या गोतापुढे वाद नव्याने मांडायचा. या खेळांच्या जगातही परस्थळ आहे. टोरंटोच्या ‘विसाई गेम्स’चा ‘वेन्बा’ हा कॅनडात स्थायिक झालेल्या तमिळ कुटुंबाचा खेळ. आईच्या जुन्या, डाग पडलेल्या पाककृतींच्या वहीतले पुसले गेलेले भाग जुळवत इडली-पुट्टू करायचे, आणि मुलगा हळूहळू आईच्या भाषेपासून लांब जाताना बघायचं. 2023 च्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये त्याला पदार्पणाचं नामांकन होतं, जिंकला ‘कोकून’. 2024 च्या एप्रिलमध्ये ब्रिटिश बाफ्ता पुरस्कारांच्या परीक्षकांनी पदार्पणाचं पारितोषिक ‘वेन्बा’ला दिलं. खेळ तोच, पंच वेगळे, परमेश्वर वेगळं बोलला.

2025 मध्ये तर हे अंतर काही दिवसांवर आलं. फ्रान्सच्या माँपेलिए शहरातल्या ‘सँडफॉल इंटरॅक्टिव्ह’चा ‘क्लेर ऑब्स्क्यूर: एक्स्पेडिशन 33’ हा ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षातला सर्वोत्तम खेळ ठरला, शिवाय उत्तम स्वतंत्र खेळही. त्याच डिसेंबरात ‘इंडी गेम अवॉर्ड्स’नेही त्याला दोन पारितोषिकं दिली आणि लगेच परत घेतली, कारण निर्मितीदरम्यान जनरेटिव्ह एआयचा वापर झाल्याचं पुढे आलं आणि त्यांच्या नियमात त्याला मुळीच जागा नव्हती. एका सभेत सर्वश्रेष्ठ, दुसऱ्या सभेत अपात्र. दोन्ही सभा आपापल्या नियमाला धरून वागल्या.

कुणाला कोणत्या पंक्तीत बसवायचं, हेही पंचच ठरवतात. 2023 मध्ये ‘डेव्ह द डायव्हर’ला उत्तम स्वतंत्र खेळाचं नामांकन मिळालं. तो करणारा ‘मिंटरॉकेट’ हा तेव्हा ‘नेक्सॉन’चा विभाग होता, आणि नेक्सॉन ही टोकियोच्या शेअर बाजारात नोंदलेली बडी कंपनी. लोक चिडले. पाच जागांतली एक जागा गेली, म्हणजे घरातल्या खोलीत, उसनवारीवर खेळ करणाऱ्या कुणाचं तरी नाव खाली राहिलं. हा राग खरा आहे.

मग लोकांनाच ठरवू द्यावं? स्टीमचे पुरस्कार लोकांच्या मतावर दिले जातात. जुन्या खेळाची वर्षानुवर्षं निगा राखणाऱ्यांसाठी तिथे एक विभाग आहे. 2023 साली तो मान ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ला मिळाला. याच खेळाच्या ऑनलाइन भागात यापुढे मोठी भर घालणार नाही, असं त्याच्या कंपनीने 2022 मध्येच सांगितलं होतं. ज्या खेळांचे कर्ते खरोखर दर महिन्याला काहीतरी दुरुस्त करत बसले होते, ते मागे राहिले. हजारोंच्या मुखीही परमेश्वर असतोच असं नाही.

एक उपाय सुचतो: निशाणी. प्रत्येक परीक्षकाने आपली पाच नावं उघड करावीत, खाली सही करावी, आणि यातले कोणते खेळ शेवटपर्यंत खेळलो तेही लिहावं. माध्यमांची यादी जाहीर असते, पत्रिका मात्र बंद. नांगर आणि आरसा काढणाऱ्या माणसांनी जे केलं ते शंभर संपादकांना जड का जावं?

पण 2020 आठवतं. ‘सायबरपंक 2077’ 10 डिसेंबरला येणार होता, त्याच वर्षीच्या समारंभाच्या दिवशी. तो विक्रीला येण्याआधी एका समीक्षक बाईंनी त्याला दहापैकी सात गुण दिले आणि त्यांच्यावर शिव्यांचा भडिमार झाला. शिव्या देणाऱ्यांनी खेळ हातातही घेतलेला नव्हता. आठवडाभरात तो खेळ इतका मोडका निघाला की सोनीने आपल्या दुकानातून काढून टाकला. सही करणाऱ्याला आज हे सोसावं लागतं, आणि तो बरोबर असला तरी सोसावं लागतं. गावच्या न्हाव्यालाही निवाड्यानंतर हरलेल्या पाटलाची दाढी करायला जावं लागे. त्या निशाणीमागे किती धैर्य होतं आणि किती दबाव, हे कागद सांगत नाही. म्हणजे ज्या महजराचा आधार घेऊन हा विचार चालला होता, तोही वाटला तितका पक्का उरत नाही.

बंद पत्रिकेमुळे परीक्षकाचं रक्षण होतं आणि खेळाचा निवाडा अंधारात राहतो. उघड पत्रिकेमुळे निवाडा दिसेल आणि कदाचित सगळेच सावध होऊन तीच ती पाच नावं लिहितील. यातलं कमी वाईट कोणतं, हे लिहायला घेतलं तेव्हा ठाऊक आहे असं वाटत होतं.

पुढची नामांकनं नोव्हेंबरात जाहीर होतील. त्याआधी, खेळणाऱ्या वाचका, तू या वर्षी शेवटपर्यंत खेळलेल्या खेळांतली पाच नावं कागदावर लिही. क्रम लाव, कारण तुला कुणी अडवलेलं नाही. न खेळलेल्याचं नाव घालू नकोस, मग त्याच्याबद्दल कितीही ऐकलेलं असो. एखादा पुण्यातला, कोल्हापुरातला, पणजीतला लहान खेळ पाहण्यात आला असेल आणि तो मनापासून आवडला असेल, तर तोही लिही. गावचा म्हणून नव्हे, आवडला म्हणून. खाली सही कर, आणि ती यादी चार मित्रांना वाचायला दे.